नर्सेसना लीडरशिप ट्रेनिंग द्यायचंय? मग हॉल बुक करू नका, वॉर्डात या

१२ मे, म्हणजे नर्सेस डे आला की आपल्याकडे काय होतं ते सगळ्यांना माहितीय. मेणबत्त्या, शपथ, रांगोळी, मग बाहेरून कोणीतरी सर येतात आणि लीडरशिप, पॉझिटिव्ह थिंकिंग वगैरे वर दीड तास बोलतात, नंतर वडा आणि चहा, क्रेडिट अवर्सचं सर्टिफिकेट, आणि नाईट करून थेट आलेली पोरगी मागच्या खुर्चीत डुलक्या घेत असते. तिला कोण बोलणार, तीच तर रात्रभर चाळीस पेशंट बघून आलेली असते.

मी बावीस वर्षं नर्सिंगमध्ये आहे, त्यातली नऊ इंचार्ज म्हणून. इंचार्ज झाल्यावर पहिल्याच वर्षी मी पण असलंच एक ट्रेनिंग घेतलं होतं, प्रोजेक्टर लावून. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि पंधरा दिवसांनी काय झालं, तर एका नवीन सिस्टरला रात्री अडीच वाजता कळत होतं की बाई खाली चाललीय, नाडी वाढलीय, लघवी कमी झालीय, तिने चार्टवर सगळं नीट लिहिलं सुद्धा, पण डॉक्टरला फोन केला साडेचारला. का? तर आदल्या रात्री एका फोनवरून तिला ओरडा बसला होता. पेशंट वाचली, पण आयसीयूत चार दिवस गेले. ती पोरगी माझ्या ट्रेनिंगला पहिल्या रांगेत बसली होती, नोट्स पण काढल्या होत्या.

तेव्हा डोक्यात पक्कं बसलं की नर्सची लीडरशिप म्हणजे रात्री अडीचचा तो फोन. तो फोन जाईल अशी व्यवस्था करणं म्हणजे ट्रेनिंग. हे डोळ्यासमोर ठेवून आम्ही पुढे जे केलं, चुकत चुकत, ते इथे लिहितेय. तीस ते शंभर बेडचं हॉस्पिटल असेल, ट्रस्टचं, सरकारी, प्रायव्हेट कसलंही, तर यातलं बरचसं उपयोगी पडेल. मोठ्या कॉर्पोरेटवाल्यांकडे त्यांचे स्वतःचे क्वालिटी डिपार्टमेंट असतात, त्यांना माझी गरज नाही.

आधी एक आकडा पकडा

ट्रेनिंगने सर्व्हिस सुधारली का हे कळायला आधी ती कशी होती ते माहीत पाहिजे ना. पण आपल्याकडे ट्रेनिंगचा रिपोर्ट म्हणजे किती जणी आल्या आणि फोटो. त्यापेक्षा वॉर्डातली एक, फक्त एक गोष्ट निवडा जी नर्सच्या हातात आहे. बेडसोर (पडून राहून होणाऱ्या जखमा), कॅन्युलाच्या (सलाईनसाठी शिरेत लावलेल्या नळीच्या) जागी सूज येणं, पेशंट पडणं, औषधाचा डोस चुकणं किंवा राहणं, यापैकी काहीही. चार आठवडे काही न बदलता नुसतं मोजा.

मोजायची पद्धत सोपी आहे. तीस बेडचा वॉर्ड पूर्ण भरलेला असेल तर महिन्याचे ९०० पेशंट-दिवस झाले. त्या महिन्यात नवीन बेडसोर तीन झाले, तर दर हजार पेशंट-दिवसांमागे ३.३. एवढंच. हा आकडा का काढायचा, तर पुढच्या महिन्यात पेशंट कमी असतील आणि बेडसोर दोन झाले तर तुम्हाला वाटेल सुधारलो, प्रत्यक्षात तसंच असेल. घरून बेडसोर घेऊन आलेले पेशंट वेगळे लिहा, अॅडमिशनलाच पाठ उलटवून बघायची सवय त्यामुळे आपोआप लागते, हा एक बोनसच.

मी बेडसोरपासून सुरुवात केली कारण त्यात कोणा डॉक्टरची परवानगी लागत नाही. बेडसोरचा धोका मोजायचं ब्रेडन स्केल वापरा, सहा मुद्दे आहेत, ६ ते २३ मार्क, आणि १८ किंवा खाली आला की पेशंट धोक्यात, दर दोन तासांनी कूस बदलायची. शिकवायला वीस मिनिटं पुरतात. आणि बेडसोर म्हणजे किरकोळ गोष्ट असं वाटत असेल तर केईएमच्या सिस्टरांची आठवण काढा, हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या आपल्याच सहकारी नर्सला, अरुणा शानबागला त्यांनी १९७३ पासून २०१५ पर्यंत सांभाळलं, बेचाळीस वर्षं, नर्सेसच्या किती बॅचेस आल्या नि रिटायर झाल्या आणि ती काळजी एकीकडून दुसरीकडे जात राहिली. हे कुठल्या सेमिनारमधून येतं सांगा.

कोणाला घ्यायचं

इथे मी पहिल्यांदा मोठी चूक केली. सिनियॉरिटी लिस्ट काढली आणि वरच्या सहा जणी घेतल्या. त्यातल्या दोघींची रिटायरमेंट जवळ, एकीचं लक्ष ट्रान्सफरकडे. दुसऱ्या वेळी मी वेगळं केलं, नाईटला ज्यांच्यासोबत ड्युटी लागली की बाकीच्या पोरी खुश होतात अशा कोण ते विचारलं. नावं लगेच येतात, आणि बहुतेक वेळा ती आपल्याला अपेक्षित नसतात. आमच्याकडे एक जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली, पाच वर्षं अनुभव, बोलायला अगदी कमी, पण इमर्जन्सीत सगळ्या तिच्याकडे बघतात अशी होती. तिला घेतलं.

चार ते सहा जणी पुरे. दिवसपाळी आणि रात्रपाळी दोन्हीकडच्या घ्या. सिनियर सिस्टरना मात्र डावलल्यासारखं वाटू देऊ नका, नाहीतर तुमचं ट्रेनिंग ड्युटी रूममध्येच मरेल. मी त्यांना आधी भेटून सांगितलं की ताई, पोरींचं काम तुम्ही तपासायचं, महिन्याच्या शेवटी आकडा तुमच्यासमोर मांडणार. मान राहिला, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या नजरेतून काही सुटत पण नाही.

आणि ट्रेनिंग ड्युटीच्या वेळेत. हे लिहून घ्या मॅनेजमेंटकडून. सुट्टीच्या दिवशी बोलवाल तर पोरगी मनातल्या मनात तुम्हाला शिव्या घालत बसेल. आम्ही आठवड्यातून पाऊण तास ठरवला, दुपारच्या ओव्हरला, म्हणजे एक शिफ्ट दुसरीला पेशंटचा चार्ज देते तेव्हा, दोन्ही शिफ्ट वॉर्डात असतात म्हणून, दोघींना आलटून पालटून मोकळं करायचं. सहा महिने. सहा महिन्यांपेक्षा कमी वेळात सवय बदलत नाही असा माझा अनुभव.

ओव्हर, ओव्हर आणि ओव्हर

पहिले दीड महिने मी दुसरं काहीच घेतलं नाही. कारण आपल्याकडे ओव्हर कसा होतो? काउंटरवर उभं राहून, रिपोर्ट बुक समोर, "एक नंबर सेम, दोन नंबर सेम, तीनला डिस्चार्ज आहे, चार सेम". हे सेम सेम ऐकून मला आता चीड येते. सेम म्हणजे काय? काल बीपी १६० होतं आजही १६० आहे म्हणजे सेम, पण ते चांगलं आहे का?

ओव्हर बेडजवळ घ्यायचा. देणारी आणि घेणारी दोघी, पेशंटच्या पायाशी उभ्या. सलाईन किती राहिलं, कॅन्युलाची तारीख काय, कॅथेटरच्या बॅगेत किती, ड्रेसिंग ओलं आहे का, कोणता डोस राहिलाय आणि का राहिलाय, रिपोर्ट कोणता यायचाय. पेशंटला नावाने हाक मारायची, बेड नंबरने नाही, आणि पेशंट किंवा नातेवाईक काही सांगत असतील तर ऐकायचं, कारण "सिस्टर, सकाळची ती पांढरी गोळी दिलीच नाही" हे आम्हाला दोनदा एका आजींनीच सांगितलं. फक्त एक काळजी, एचआयव्ही किंवा तसल्या खाजगी गोष्टी बाजूच्या बेडला ऐकू जातील अशा बोलायच्या नाहीत, त्या काउंटरवर.

सुरुवातीला वेळ लागतो, तीस पेशंटला पाऊण तास गेला पहिल्या दिवशी, सगळ्या वैतागल्या. मग आम्ही ठरवलं की सिरीयस, नवीन आणि ऑपरेशनचे पेशंट आधी सविस्तर, बाकीचे भरभर. तीन आठवड्यांत पंचवीस मिनिटांवर आलं.

यात लीडरशिप कुठे आली असं एका डॉक्टरांनी मला विचारलं होतं. ओव्हर घेणारी सिस्टर जेव्हा म्हणते "ताई, हे अपूर्ण आहे, मी असा चार्ज घेणार नाही", आणि समोरची तिच्यापेक्षा दहा वर्षं सिनियर असते, तिथे आली.

डॉक्टरला फोन कसा करायचा, याची तालीम

एसबीएआर नावाची पद्धत आहे, मूळची अमेरिकन नेव्हीच्या पाणबुड्यांवरची, नंतर तिकडच्या कैसर पर्मनेंटे हॉस्पिटलवाल्यांनी घेतली. चार गोष्टी ओळीने सांगायच्या: आत्ता काय झालंय, मागची हकीकत, मला काय वाटतंय, आणि मला तुमच्याकडून काय हवंय. आपल्या पोरी पहिल्या दोन छान सांगतात. तिसरी आणि चौथी घशातच अडकते, कारण कॉलेजपासून शिकवलंय की निदान करणं आपलं काम नाही.

म्हणून नाटक करायचं, खरोखर. एक जण डॉक्टर बनते, झोपेतून उठलेला, चिडलेला आवाज काढायचा. दुसरी फोन करते (पीएनसी म्हणजे बाळंतिणींचा वॉर्ड, पीपीएच म्हणजे बाळंतपणानंतरचा जास्त रक्तस्राव):

"सर, पीएनसीमधून सिस्टर बोलतेय. बेड सातची बाई, सिझर होऊन चार तास झाले. नाडी १२८, बीपी ९० बाय ६०, अर्ध्या तासात दुसरा पॅड पूर्ण भिजला, गर्भाशय मऊ लागतंय. मला हे पीपीएच वाटतंय. तुम्ही आत्ता वर या. मसाज सुरू केलाय, दुसरी लाईन टाकतेय, औषधाची ऑर्डर सांगा, मी परत वाचून दाखवते."

अर्ध्या मिनिटात संपतं. याची तुलना करा "सर, सात नंबर जरा बरोबर वाटत नाहीये" याच्याशी, ज्यावर सर म्हणणार "बघतो राउंडला". आम्ही हे इतक्यांदा केलं की आमच्या मावशींना पण पाठ झालं. ऑर्डर परत वाचून दाखवणं विसरू नका, फोनवर पंधरा आणि पन्नास ऐकायला सारखंच वाटतं, आणि आमच्याकडे अर्धा स्टाफ मल्याळी, डॉक्टर मराठी, मध्ये हिंदी, त्यामुळे तर आकडे अंक सुटे करूनच बोलायचे, एक पाच, पाच शून्य.

फोन उचललाच नाही तर? हे आधीच ठरलेलं पाहिजे. पहिला फोन ऑनकॉल, पाच मिनिटांत उत्तर नाही तर त्यांच्या वरचे, ते नाहीत तर सुपरिटेंडेंट. काउंटरवर भिंतीला कागद चिकटवा, नंबरांसकट, आणि खाली मेडिकल सुपरिटेंडेंटची सही. ती सही सगळ्यात महत्त्वाची. सही नसेल तर नवीन सिस्टर वरच्या डॉक्टरला कधीच फोन करणार नाही, तुम्ही कितीही ट्रेनिंग द्या.

थांबा म्हणायचा अधिकार

ही सही का लागते ते सांगते. अमेरिकेत मिशिगन राज्यात शंभराहून जास्त आयसीयूंमध्ये एक प्रयोग झाला, त्याचा रिपोर्ट २००६ मध्ये आला. सेंट्रल लाईन (मोठ्या शिरेत घालायची नळी) टाकताना पाच साध्या गोष्टी पाळायच्या, हात धुणं, पूर्ण गाऊन-ग्लोव्ह-ड्रेप, क्लोरहेक्सिडिन, शक्यतो जांघेतून लाईन नको, आणि गरज संपली की लाईन काढून टाकायची. यात नवीन काही आहे का? फर्स्ट इयरच्या मुलीला पण माहीत असतं. पण तिथे नर्सला अधिकार दिला होता की डॉक्टरने एखादी पायरी गाळली तर तिने प्रोसिजर थांबवायची, आणि वरचे लोक तिच्या पाठीशी उभे राहतील. लाईनमुळे होणाऱ्या रक्तातल्या इन्फेक्शनमध्ये दीड वर्षात ६६ टक्क्यांपर्यंत घट झाली. चेकलिस्ट तर होतीच, इन्फेक्शनचा आकडा दर महिन्याला स्टाफला दाखवत पण होते, पण माझं मत विचाराल तर खरं औषध तो अधिकार होता.

आपल्याकडे सरळ "थांबा" म्हणणं जड जातं, मग पायऱ्या करा. आधी "सर, मला जरा काळजी वाटतेय." ऐकलं नाही तर "सर, हे मला बरोबर वाटत नाहीये, अॅलर्जी लिहिलीय फाईलवर." तरी नाही तर "सर थांबा, हे सेफ नाही." तीन वाक्यं, ठरलेली, सगळ्या हॉस्पिटलला माहीत असलेली. ठरलेली असली की तो उद्धटपणा वाटत नाही. आणि हे डॉक्टरांना पण शिकवा, निदान एक मीटिंग त्यांच्यासोबत घ्या, नाहीतर तुमची पोरगी धीर करून बोलेल आणि समोरून "तू मला शिकवणार?" येईल की संपलं, पुढची तीन वर्षं ती तोंड उघडणार नाही. आमच्याकडे एका सर्जननी स्वतःहून ओटीत सांगितलं की मला कोणी टोकलं तर मी थँक यू म्हणणार, आणि पहिल्याच आठवड्यात म्हणाले सुद्धा. त्या एका थँक यूने माझ्या चार सेशनचं काम केलं.

चूक लिहायची वही

एक वही ठेवा, चुका आणि थोडक्यात टळलेल्या चुका यासाठी. नाव लिहायचं नाही. काय झालं, कधी, आणि कशामुळे झालं असेल. महिन्याला एकदा मिळून वाचायची. आमच्या वहीत पहिले दोन महिने फक्त तीन नोंदी होत्या, तिसऱ्या महिन्यात एकदम चौदा, आणि मॅनेजमेंट घाबरलं की चुका वाढल्या! वाढल्या नव्हत्या हो, पोरी लिहायला लागल्या होत्या. हे आधीच सांगून ठेवा वरच्यांना.

चौदापैकी पाच नोंदी एकाच गोष्टीच्या निघाल्या, दोन कंपन्यांची सारख्या दिसणारी अँप्युल्स एकाच ट्रेमध्ये. ट्रे वेगळे केले, पोटॅशियम क्लोराईड वॉर्डातल्या उघड्या ट्रेमधून काढून कुलुपात ठेवलं, इन्सुलिन आणि हेपरिन दोन सिस्टरनी बघून मगच द्यायचं असं केलं. खर्च शून्य. हा निर्णय ट्रेनिंगमधल्या पोरींनी घेतला, मी फक्त फार्मसीला पत्र लिहिलं.

कोणाला मेमो द्यायचा मोह होईल त्या वहीवरून. दिलात तर वही बंद, कायमची.

बाकीचं थोडक्यात

ड्युटी लिस्ट बनवायला द्या त्यांना, एक महिना. सगळ्यांना दिवाळीत सुट्टी हवी असते तेव्हा निर्णय कसा घ्यायचा हे कुठल्याही लेक्चरपेक्षा लवकर कळतं. इंडेंट (सामानाची मागणी), स्टॉक, एक्स्पायरी, निकामी सामान कंडेम करायची प्रोसेस हे पण शिकवा, कंटाळवाणं आहे पण सक्शन मशीन बंद पडलं तर कोणाला काय लिहून द्यायचं हे माहीत नसलेली इंचार्ज काही कामाची नाही. मावशी आणि मामांना काम सांगणं हाही एक विषय, वयाने मोठ्या माणसाला कसं सांगायचं ते पोरींना खरंच येत नाही, एक तर ओरडतात नाहीतर स्वतःच करत बसतात.

काय बदलतं आणि काय नाही

सहा महिन्यांनी आमचे नवीन बेडसोर निम्म्याहून कमी झाले, डिस्चार्जची फाईल दुपारी तीनऐवजी बाराला तयार व्हायला लागली कारण सकाळच्या राउंडलाच सिस्टर विचारायची "सर, आज कोण जाणार", आणि डॉक्टर स्वतःहून सिस्टरला विचारायला लागले की तुला काय वाटतं. हा आमच्या एका वॉर्डाचा अनुभव, याला संशोधन म्हणू नका.

पण ट्रेनिंगला जादू पण समजू नका. उत्तर प्रदेशात बेटरबर्थ नावाची मोठी चाचणी झाली होती, १२० आरोग्य केंद्रं, दीड लाखाच्या वर बाळंतपणं, रिपोर्ट २०१७ मध्ये आला. नर्सेसना बाळंतपणाची चेकलिस्ट आणि आठ महिने शेजारी उभं राहून कोचिंग दिलं. कामाची पद्धत चांगलीच सुधारली, पण आई आणि बाळांच्या मृत्यूत म्हणावा असा फरक दिसला नाही. शिवाय कोचिंग थांबल्यावर चेकलिस्ट पाळण्याचं प्रमाण पण खाली आलं. मला यातून दोन गोष्टी कळतात. एक, कोच सोडून गेला की घसरण होते, म्हणून आतलीच कोणीतरी तयार करायची. दुसरी, हातात रक्त नाही, वेळेवर सिझरची सोय नाही, तर सिस्टर कितीही हुशार असून काय करणार.

आणि माणसं. भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण साध्या हॉस्पिटलात पाच पेशंटमागे एक नर्स, टीचिंगमध्ये तीनला एक असं आहे, वर रजेसाठी तीस टक्के जास्तीच्या. तुमच्या नाईटला किती असतात ते तुम्हालाच माहीत. लिंडा एकिन या संशोधक बाईंच्या युरोपातल्या नऊ देशांच्या अभ्यासात, २०१४ मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये आला होता, सर्जरीच्या पेशंटमध्ये नर्समागे एक पेशंट वाढला की महिन्याभरात मृत्यू होण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढलेली दिसली. त्यामुळे कोणी मॅनेजमेंटवाले म्हणाले की पोस्ट भरण्याऐवजी आहे त्यांनाच लीडरशिप ट्रेनिंग देऊ, तर नम्रपणे हा आकडा समोर ठेवा.

उलट ट्रेनिंग झालेल्या पोरी हे काम तुमच्यापेक्षा चांगलं करतात. आमच्या त्या कमी बोलणाऱ्या सिस्टरने तीन महिने रोज रात्री किती पेशंट, किती सिरीयस, किती सिस्टर, कोणते डोस उशिरा गेले हे एका कागदावर लिहून ठेवलं आणि सुपरिटेंडेंटच्या टेबलावर नेऊन ठेवलं, माझ्याशिवाय, मी त्या दिवशी सुट्टीवर होते. नाईटला एक जास्तीची पोस्ट मंजूर झाली. दोन मागितल्या होत्या, दुसरीसाठी तिचा कागद अजून रोज भरला जातोय.